तीन हिवाळ्यांचे आकडे

किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीताई म्हणत. मळाचा कणही उरू नये म्हणून भट्टीत भाजून काढलेल्या तिच्या काचेच्या बाटल्यांना दुसऱ्या कोणी बोट लावलेलं तिला खपत नसे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती धक्क्याच्या टोकावरून समुद्राचं पाणी भरून आणी आणि त्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजी. म्हणजे मेलेल्या शेवाळाचा, कुजलेल्या पानांचा, डोळ्यांना न दिसणारा अर्क. तो उन्हाळ्यात चढतो, हिवाळ्यात उतरतो, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी आपल्या प्रबंधात लिहून ठेवलं होतं. तिच्या नोंदींत मात्र सलग तिसऱ्या हिवाळ्यात तो चढलाच होता.

सोमवारी साहेबांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. तिन्ही हिवाळ्यांच्या सर्वांत वरच्या आकड्यांसमोर ‘नमुना दूषित’ असा शेरा होता आणि खाली तिच्या सहीची जागा.

“हाताला क्रीम लावलं असशील. थंडीत बायका लावतातच.”

क्रीमच्या एका बोटाने अख्खी बाटली वाया जाते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले. पेरापेरांवर भेगा पडल्या होत्या.

“चार वर्षं झाली साहेब, हाताला तेलसुद्धा नाही. सासूबाई म्हणतात, हिला भांड्यांना घासणी लागत नाही.”

“सही कर आणि विषय संपव.”

“उद्या मंगळवार आहे. पाणी तुम्ही भरा.”

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर वारा बोचत होता. साहेबांनी बाटलीकडे हात नेला, तशी तिने बाटली मागे घेतली.

“ओठांना काय लावलंय?”

“मलम. ओठ फुटतात.”

“पुसा. हात पुन्हा धुवा.”

साहेबांनी ओठ पुसले, हात धुतले. समुद्राचं पाणी भरलं, शेजारी शुद्ध पाण्याची बाटलीही तेवढाच वेळ उघडी ठेवली. तिच्यात कार्बन सापडला, तर चूक हाताची.

दुपारी यंत्राने आकडे दिले. शुद्ध पाणी जवळपास कोरं होतं. समुद्राचं पाणी तिच्या तिन्ही आकड्यांच्या वर गेलं होतं.

“यंत्र बिघडलं असेल,” साहेब म्हणाले.

“मग त्या शेऱ्यावर यंत्राचीच सही घ्या.”

तिने तिन्ही शेरे एकेका रेघेने खोडले, प्रत्येकाशेजारी तारीख घालून सही केली आणि चौथा आकडा लिहून पेन साहेबांपुढे धरलं.

“हे पाणी तुमच्या हातचं आहे. इथे सही तुमची.”

साहेब पेन हातात घेऊन बसून राहिले. बाटल्या भट्टीत घालायची वेळ टळत होती. ती टेबलासमोरून हलली नाही.