कुशीआत्याची राहिलेली दीक्षा

माघ सरत आला की बालाघाटाच्या माथ्यावरचं ऊन वाळत्या ज्वारीसारखं पिवळं, कोरडं होतं. तसाच कोरडा आणि तरीही उबदार स्वर होता माझ्या आत्याचा. कौसल्या तिचं नाव, आम्ही कुशीआत्या म्हणायचो. लग्नानंतर वर्षभरातच तिचा नवरा बांगलादेशच्या लढाईत बेपत्ता झाला. केजला माहेरी परतलेली ती, आलेलं प्रत्येक स्थळ नाकारत, कपाळीचं कुंकू जपत म्हातारी झाली. ईश्वरावरची तिची श्रद्धा भरल्या विहिरीसारखी निस्तरंग होती.

यंदा तिनं महानुभाव आश्रमात संन्यासदीक्षा घ्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ती थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पाया पडायला वाकली आणि ते हुंदके देऊन रडू लागले.

"कुशे, त्यो आलता गं. लढाईनंतरच्या उन्हाळ्यात. दोन्ही डोळे गेलते. आपल्या आबाला अन् मला शपथ घातली त्यानं, मी मेलो म्हणून समजा, तिचं दुसरं लगीन लावा."

"मग?"

"तू लगीन केलंच न्हाईस. अन् आमाला शपथ मोडवंना."

"कुठं हाय त्यो?"

"उमापूरला, त्याच्या मामाकडं ऱ्हायला. गेल्या थंडीत वारला."

एसटीनं जाऊन सांजेला परत येता यावं, एवढंच ते अंतर. ती रडली नाही. त्याच दिवशी मी तिला उमापूरला नेलं. मामाच्या सुनेनं तो दिवसभर बसायचा तो ओटा दाखवला.

"केजकडचं कुणी आलं, की तिकडं पाऊस कसा हाय, एवढंच इचारायचे," ती म्हणाली.

आत्या त्या ओट्यावर बसली आणि निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा दगडावरून तळवा फिरवत राहिली. ऊन कलेपर्यंत तिला उठवायचं धैर्य मला झालं नाही.

तिथून आश्रमात पोचल्यावर तिनं वृद्ध संन्यासिनीला विचारलं, "बाई, जे कधी हाती आलंच न्हाई, ते सोडायचं कसं?"

आत्याला त्यांनी नुसतं जवळ घेतलं, आणि तेव्हा कुठं ती रडली.

दीक्षा राहिली. ती आश्रमातच असते, झाडलोट करते, नामस्मरणाला बसते. पण मिटल्या डोळ्यांपुढं तिला आता देव दिसतो की तो, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही. गेलेल्या माणसाच्या निदान आठवणी असतात; जगायच्या राहून गेलेल्या वर्षांना आठवणही नसते, आणि काळ त्यांच्यावरूनच सर्वांत हळू चालतो.