काराताशची बस

"एजे, बाजूला व्हा! आठ वाजले."

"काराताशची बस नऊ मिनिटांत येते. तेवढं थांबलास तर झिजशील का रे?"

"वेळापत्रक मी लिहीत नाही," म्हणत शहराच्या बसचा ड्रायव्हर गाडीसमोर उभ्या तुर्सुनायला वळसा घालून निघून गेला.

नऊ मिनिटांनी डोंगरातली बस आली. म्हातारी बातमा-आपा उतरली, रिकाम्या फलाटाकडे पाहून तुर्सुनायच्या शेगडीपाशी तिच्या हातचा चहा घेत बसली. पुढची गाडी दोनला. तोवर शहरातला डोळ्यांचा दवाखाना बंद. तिची ही तिसरी खेप होती.

नारीनच्या खोऱ्यातल्या त्या स्थानकावर तुर्सुनाय एकवीस वर्षं गाड्यांची नोंद करत होती; सगळे ड्रायव्हर तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत. दुसऱ्या दिवशी ती वरच्या कचेरीत गेली.

"गाड्या वेळेवर धावतात ना? मग तक्रार कसली?" साहेबांनी विचारलं.

"धावतात हो. एकमेकींना भेटत नाहीत एवढंच."

"शहराची गाडी हलणार नाही. डोंगरातली लवकर आणता आली तर बघा."

मग सुट्टीच्या प्रत्येक दिवशी ती काराताशच्या बसमध्ये, ड्रायव्हर जोल्दोशच्या पाठीमागे, घड्याळ आणि वही घेऊन बसू लागली. पाचव्या खेपेला तिला हवं ते सापडलं. हमरस्ता सोडून गाडी रोज जुन्या सामुदायिक शेतीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येई. बारा मिनिटं.

"इथून कोण चढतं?"

"कोणी नाही. पण थांबा आहे ना!"

"शेती बंद पडून किती वर्षं झाली, जोल्दोश?"

त्याने फाटकापाशी गाडी वळवली. "बाप इथे ट्रॅक्टर चालवायचा, एजे. सकाळी फाटकाला एक चक्कर झाली की बरं वाटतं."

तुर्सुनायने वही मिटली. तिने हट्ट धरला नाही, साहेबांनाही कळवलं नाही. आठवड्याने जोल्दोशच तिच्या खिडकीशी आला. "तो थांबा काढायचा अर्ज लिहा. सही मी करतो. चक्कर काय, रविवारी पायीही मारता येते."

नवं वेळापत्रक लागलं त्या सकाळी काराताशची बस सात सत्तावन्नला फलाटाला लागली. माणसं उतरली ती थेट समोरच्या गाडीत चढली. बातमा-आपाही लगबगीने चढली. "आपा, जपून!" तुर्सुनायने हाक मारली, गडबडीत म्हातारीला ती ऐकूच गेली नाही. बरोबर आठला गाडी सुटली.

प्रतीक्षागृहात चिटपाखरू नव्हतं. सवयीने तुर्सुनायने चहाचे दोन पेले भरले होते. पहिला सावकाश संपवून तिने दुसराही प्यायला.