मधल्या पट्टीत काही नाही

वाघ होता. शेवटी ते पक्कं झालं, आणि ज्यांचं पक्कं झालं त्यांनी पुन्हा त्या धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, पाय ठेवला नाही.

तर, असं काही झालं नाही. वाघबीघ काही नव्हता. फुलसावंगीच्या पुढच्या तांड्यात आज कोणालाही विचारा, हेच सांगतील. फक्त सांगण्याआधी एकदा मागं वळून बघतील. आपणही नव्हता असंच धरून चालू आणि पहिल्यापासून सुरू करू.

ओमला कॉमिक्सचा नाद होता. बसस्टँडवर टांगलेल्या चकचकीत कॉमिक्सचा नव्हे. एकटा माणूस घरी बसून काढतो, झेरॉक्सच्या दुकानात छापतो, स्वतः पिना मारतो आणि पन्नास प्रती पोस्टात टाकून वर्षभर दमलेला राहतो, तसल्या. त्यातली पिन वाकडी असे, एखादं पान उलटं असे, काळं बोटांना लागे. ओमला तेच आवडायचं. मोठ्या पुस्तकाला आपल्याला कोण वाचतंय याची पर्वा नसते, असं त्याचं मत. हे मात्र पन्नासातलं एक, आपल्या नावानं आलेलं. वाचणाऱ्याच्या हाताला डाग पाडल्याशिवाय सोडत नाही.

त्याचा सगळ्यात लाडका कलावंत वणीचा कपिल. वणीत कोळशाचे ट्रक इतके, की कोरा कागद खिडकीत ठेवला तर दुपारपर्यंत आपोआप निम्मा छापून होतो. त्यामुळं कपिलची पानं भयंकर काळी असायची. पांढरी फक्त दोन चौकटींच्या मधली पट्टी. ती तो जिवापाड जपायचा.

दिवाळीनंतर त्याचा तिसरा अंक आला. अक्षर एकही नाही. दर पानावर सहा काळ्या चौकटी. बाई कापूस वेचते. आभाळ. बाई वेचते. एका चौकटीत, साऱ्या अंकात एकाच, तुरीच्या आडून वाघाचा कान. मग पुन्हा बाई, पुन्हा आभाळ. शेवटच्या पानावर बाईची ओटी, म्हणजे कापूस टाकायला कमरेला बांधतात ते फडकं, जमिनीवर पडलेली. बाई नाही. वाघ नाही. संपलं.

ओमनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग जेवण टाळून वाचलं. अशी गोष्ट वाचल्यावर कोणाला तरी दाखवावी लागते, नाहीतर पोटात दुखतं. घरात आई होती.

"याडी, हे वाच."

"मले कुठं येते वाचता?" रुपीबाई म्हणाली.

"याच्यात अक्षरच नाही. पाहायचंच हाय."

रुपीबाईनं चष्मा पुसला आणि पानावर बोट ठेवलं. चौकटीवर नाही, चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर. तिथून बोट सरळ निघालं, कोपऱ्यावर वळलं, पुढच्या पट्टीला लागलं.

"तिथून काहून चालली? चित्रं पाह्य ना."

"पाहूनच राह्यली ना. हे वावरं हायेत. उभ्या पिकातून कोणी चालते का? धुऱ्यानं चालते." बोट एकदम थांबलं. "तो भी."

"कोण?"

"ज्याचा कान दिसला तो. या वावरात कान हाय. पुढच्यात नाही, त्याच्या पुढच्यात नाही. मंग गेला कुठं?" तिनं बोट अलगद उचललं आणि पदराला पुसलं. "धुऱ्यावर हाय. बाईच्या संगंसंगं चालून राह्यला. बंद कर ते."

ओमनं अंक मिटला. त्यानं इतक्या वेळा वाचलं होतं, आणि दर वेळी ती पट्टी ओलांडून गेला होता. तिच्यात उभा कधी राहिला नव्हता. इतका चांगला वाचक तांड्यात, तेही आपल्याच घरात, याचा त्याला अभिमान वाटला. मग त्याच्या लक्षात आलं की हा वाचक रोज सकाळी बबनरावांच्या वावरात कापसाच्या वेचणीला जातो. धुऱ्यावरून.

रुपीबाईनं संगतीनं वेचणाऱ्या तानाबाईला सांगितलं. तानाबाईनं बाकीच्यांना सांगितलं, आणि तिच्याकडून निघालेली कोणतीही गोष्ट निघतानाच थोडी मोठी होऊन निघते. अंक घरोघर फिरला. प्रत्येक बाईनं पट्टीवर बोट ठेवून पाहिलं आणि लगेच उचललं. कपिलला एवढे वाचक एका गावात आजवर मिळाले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून बाया बबनरावांच्या वावरात गेल्या, पण धुरा सोडून. सरळ उभ्या पराटीतून, कपाशीच्या झाडांतून. फुटलेली बोंडं लुगड्यांना लागून खाली पडली, फांद्या मोडल्या. बबनराव दुपारीच तांड्यावर आले.

"ओम, बाहेर ये! काय पुस्तक दाखवलं बे तू बायांले?"

"कॉमिक हाय, काका. दोन चौकटींच्या मधात काय झालं, ते दाखवत नसते. वाचणाऱ्यानं आपल्या मनानं भरायचं असते."

बबनरावांनी विचार केला. "मंग वाघ कायले भरला? बैल भराचा ना!"

याचं उत्तर जगातल्या कोणत्याच समीक्षकाकडं नसावं.

"पाटील," तानाबाई म्हणाली, "बैल होता तं कान तसा काहून?"

"तू चूप राय, तानाबाई. उद्या हा पोरगा माह्या धुऱ्यावरून विहिरीपासून नाल्यापावेतो चालंन. भर उन्हात, साऱ्यांसमोर. काही निघालं नाही, तं बाया धुऱ्यानं जातीन. हा नाही चालला, तं मी वेचणीले दुसऱ्या गावच्या बाया आणतो. मंग बसा तुम्ही चित्रं पाहत."

रुपीबाईचा सगळा हंगाम त्या वेचणीवर होता. तिनं ओमकडं असं पाहिलं, जसं माणूस बाजारात हरवेल अशा वस्तूकडं पाहतं.

संध्याकाळी ओमनं कपिलला फोन लावला.

"कपिल, त्या मधल्या पट्टीत काय हाय?"

"काही नाही बे. कागद हाय."

"नक्की?"

पलीकडं एक ट्रक गेला. मग दुसरा. "मी काळं करतो ते चौकटीत करतो," कपिल म्हणाला. "तिकडं मी कधी पाह्यलं नाही." आणि हळूच, "तू काहून विचारून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी उन्हात सगळे विहिरीच्या ओट्यावर जमले. बबनरावांनी अंक ओमच्या हातात दिला. "घेऊन जा. भेटला तं त्याले दाखव, म्हणावं हे तुह्यामुळं झालं."

ओमनं ओट्यावरच्या बायांत नजर फिरवली.

"याडी कुठं हाय?" ओमनं विचारलं.

"येईन," तानाबाई म्हणाली. "तू चाल."

ओम चालू लागला. एका बाजूला पराटी, एका बाजूला तूर; तूर डोक्याच्या वर. मधला धुरा वाळल्या गवताचा, पांढुरका. लांबून पाहिला तर कोणी पट्टी मारून सोडल्यासारखा.

सुरुवातीला मागून बबनरावांचं खोकणं ऐकू येत होतं. मग धुरा वळला आणि पराटीच्या बाजूलाही तूर सुरू झाली. खोकणं बंद झालं. पाखरंही बंद झाली. एरवी तुरीवर पोपट इतके असतात की डबे वाजवावे लागतात. आता एकही नव्हता.

मग ओमच्या ध्यानात जे यायला नको होतं ते आलं.

ओट्यावरच्या लोकांना तो सलग दिसत नव्हता. तुरीत मधेमधे फटी होत्या. विहिरीजवळ तो दिसला असेल. मग तूर. मग बाभळीजवळच्या फटीत दिसला असेल. मग पुन्हा तूर. त्यांच्यासाठी तो चौकटी-चौकटीनंच चालला होता. आणि आत्ता, या घडीला, तो दोन चौकटींच्या मधात होता. तिकडं ओट्यावर सारा तांडा उभं राहून ती मधली जागा आपापल्या मनानं भरत होता.

बैल भरा, ओम मनात म्हणाला. देवा, त्यांना बैल भरू दे.

डाव्या हाताची तूर हलली.

वारा नव्हता. ओम थांबला, हलणं थांबलं. ओमनं दोन पावलं टाकली. डावीकडं तितकंच सरकलं. शेंगा खुळखुळल्या, हळूच, कोणी अंग चोरून चालावं तशा. एक वास आला, ओल्या गोणपाटासारखा. ओमनं अंक छातीशी धरला. घामानं शाई सुटून बोटं काळी झाली.

आणि पुढं धुऱ्यावर ओटी पडलेली होती.

निळ्या फुलांची. एका कोपऱ्याला ओमच्याच जुन्या शर्टाचं ठिगळ. शेवटचं पान जसंच्या तसं. फक्त कपिलला रंग परवडत नाहीत.

"याडी!" तो ओरडला. "याडी!"

तूर बाजूला झाली आणि रुपीबाई बाहेर आली. हातात विळा, डोक्यात पाचोळा.

"बोंबलू नको," ती कुजबुजली. "ओटी अडकली तुरीत, तं फेकली इकडं. म्या म्हटलं पोरगा एकटा धुऱ्यानं चालला, आपण आतून संगंसंगं चालू."

ओमला रडू आणि हसू एकदम आलं. "मले सांगाचं ना! माहा जीव गेलता. डावीकडून तूर हलून राह्यली, मले वाटलं..."

रुपीबाईनं ओटी उचलली नाही. ती ओमच्या उजव्या हाताला उभी होती. तशीच उभी राहिली.

"मी तं इकडूनच येत होती," ती म्हणाली.

दोघं एकमेकांकडं पाहत राहिली, कारण दुसरीकडं पाहण्याची सोय नव्हती. डावीकडच्या शेंगा एकदाच खुळखुळल्या. मग माय-लेक उजवीकडच्या तुरीत घुसली, तुरीतून पराटीत, आणि फांद्या मोडत, बोंडं तुडवत थेट ओट्यावर आली.

"काय होतं?" बबनरावांनी विचारलं.

"काही नाही," ओम म्हणाला.

"काही नाही," रुपीबाई म्हणाली.

बबनरावांनी त्या दोघांनी मोडून आणलेली पराटीची अख्खी ओळ पाहिली. मग बाभळीजवळच्या फटीकडं पाहिलं, बराच वेळ. मोडलेल्या पराटीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. बबनराव पराटीबद्दल बोलले नाहीत, एवढ्यावरून तांडा काय समजायचं ते समजला.

दुसऱ्या गावच्या बायाही आल्या नाहीत. कापूस आता झाडावर तसाच लोंबतो आहे. रुपीबाई दारात बसून त्याच्याकडं पाहते. "सरकारनं लिहून दिलं की तिथं काही नाही, तं जाईन," ती म्हणते. "तुह्या म्हणण्यावर नाही. तू भी काही नाहीच म्हटलं होतं."

म्हणून ओमनं काळ्या बोटांनी अर्ज लिहिला, तो असा:

"प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब. विषय : दोन चौकटींच्या मधील जागेत काहीही नसल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदय, सोबत अंक तिसरा जोडला आहे (एकूण पन्नासच प्रती असल्याने पाहून परत करावा). तरी साहेबांनी सदर अंकातील सर्व पांढऱ्या पट्ट्या, तसेच श्री. बबनराव यांच्या वावरातील धुरा, येथे समक्ष पाहणी करून, तेथे काहीही नाही, पूर्वी नव्हते व यापुढेही राहणार नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला अर्जदाराच्या आईच्या नावे वेचणी संपण्यापूर्वी द्यावा. पाहणीस येताना साहेबांनी कृपया उभ्या पिकातून यावे, ही नम्र विनंती."