वर कळवलंय

आमच्या शाळेत नळ गळला तरी आधी वर कळवायचं असतं. वर म्हणजे मोठ्या बाईंना. त्या संस्थेच्या सचिवांना सांगतात आणि मग सगळे हातावर हात ठेवून बसतात. नळाचं ठीक आहे हो, नळाला दुखत नाही.

काल चित्रकलेच्या तासाला चिमणी डाव्या हाताने रंगवत होती. पहिलीतली पोर, एरवी उजव्या हाताने कागद फाटेस्तोवर खडू घासणारी. मी तिची बाही वर केली. दंडावर चार बोटं उठली होती, त्याखाली जुने, पिवळे पडलेले वळ.

"कुणी मारलं गं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "बाबांनी. कुणाला सांगू नका ना बाई."

मी तडक मोठ्या बाईंकडे गेले.

"सांगितलंत ते बरं केलंत. आता तुमचं काम संपलं, मी वर कळवते."

"वर नाही, पोलिसांना कळवायचंय. ज्याला कळलं त्यानेच, आणि लगेच. कायदा आहे तसा. बालसुरक्षेच्या त्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत तुम्हीच तर बसला होतात!"

"अहो, पण शहानिशा नको? शाळेच्या नावाचं काय?"

माझं डोकं फिरलं होतं, तरी मी सगळं त्यांच्यावर सोडून वर्गावर परत गेले. वर कळवलं की इथे सगळ्यांना छान झोप लागते. मलाही लागली.

आज सकाळी मोठ्या बाई खुशीत होत्या. "मिटलं हो! काल चिमणीला न्यायला वडील आले, तेव्हा सचिवांनी त्यांनाच बसवून विचारलं. सायकलवरून पडली म्हणे. चांगला माणूस आहे."

धन्य! चोरालाच चहा पाजून विचारलं, चोरी केलीस का?

वर्गात चिमणी शेवटच्या बाकावर होती. ओठ सुजलेला. "मी तुम्हाला एकटीलाच सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

मी परत गेले आणि मोठ्या बाईंच्याच टेबलावरचा फोन उचलला.

"अहो, काय करताय?"

"कळवतेय."

पलीकडची पोलीसबाई म्हणाली, "आम्ही निघालोच. तोवर मुलीला कुणाच्याही ताब्यात देऊ नका."

"सचिवांना तरी आधी विचारायचंत..." मोठ्या बाईंचं चालूच होतं. मी दार आपटून निघाले.

चिमणीशेजारी जाऊन बसले.

"आता कुणाला सांगितलंत?" तिने विचारलं.

"ज्यांना कालच सांगायला हवं होतं त्यांना."

तिने ऐकून घेतलं, कागद उचलला आणि माझ्यापासून लांब सरकून बसली.