घड्याळजीच्या भिंतीवरचा ठिपका

मी एक काळा ठिपका बोलतोय. हसू नका. लहान तोंडी मोठा घास घेतोय खरा, पण आता बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

माझा जन्म एका घड्याळजीच्या हातून झाला. त्याची बायको आजारपणात गेली आणि त्याचं मन थाऱ्यावर राहीना. उघडं घड्याळ समोर, जीव भलतीकडे. शेवटी मुलीनेच त्याला एका योगशिक्षिकेकडे नेलं.

"मन ज्याच्यावर टेकतं त्याचाच आकार घेतं," त्या म्हणाल्या. "भिंतीवर ठिपका काढा, टक लावून बघा. डोळे भरून आले की मिटा, आणि आत कोण बघतंय ते बघा. खरं काम तिथं आहे. ठिपका नुसती खुंटी."

घरी येऊन त्याने भिंतीवर चिकटवलेल्या पांढऱ्या कागदावर मला शाईने काढलं, इतकं गोल की माझा मलाच अभिमान वाटला.

पण घोडं इथंच पेंड खात होतं. भिंगातून बघताना नजर हटली की बारीक स्क्रू हरवतो, म्हणून न हटवण्याची त्याला जन्माची सवय. गालांवरून पाणी ओघळायचं, तरी तो डोळे मिटायचा नाही. मग त्याच्या मनातलं एकेक माझ्यात उतरू लागलं. आधी किरकोळ काळज्या आल्या. मग औषधांचा वास आला, मग बायकोचा खोकला. मला फार भीती वाटली.

"बाबा, किती शांत दिसता आता!" मुलगी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. पण रिकामं घरसुद्धा शांतच असतं.

एका दुपारी तो माझ्यासमोर खुर्चीत बसला असताना तिने कपाटातून आईचा स्वेटर काढला.

"बाबा, हा मी घालू?"

"घाल की. कुणाचा आहे?"

थट्टा समजून ती हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. आणि इकडे माझ्यात त्याची बायको शांतपणे स्वेटरचे टाके मोजत होती.

मुलीला शिक्षिकेचं बोलणं आठवलं. "बाबा, डोळे मिटा!" तो ऐकेना. तेव्हा खुर्चीमागे उभं राहून तिने दोन्ही तळव्यांनी त्याचे डोळे झाकले. त्याबरोबर माझ्यातलं सगळं परत निघालं. वास गेला, खोकला गेला, टाके मोजणारा आवाजही गेला.

"अगं, हा तर तिचा स्वेटर!" तो ओरडला. "दंडात घट्ट होतो म्हणून कुरकुरायची!" आणि तो हमसून हमसून रडू लागला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

पण दुःख काय एकट्या त्याचंच होतं? बापाला सांभाळता सांभाळता पोरीला रडायला सवडच मिळाली नव्हती. त्याचे डोळे झाकून ती समोर बघत राहिली आहे. माझ्याकडे. तिची पापणी लवत नाही, आणि माझ्यात पुन्हा औषधांचा वास येतो आहे.

"बाबा," ती हळूच विचारते, "तुम्ही कुणासाठी रडताय?"

घड्याळजी, मागे वळा हो. माझ्याकडे बघू नका, तिच्याकडे बघा.