शालीखालचे चार तास

मंडळीला सांगितलं ते

"प्रभू म्हणतो, एका ताटात जेवा."

बेबीनंदानं सांगितलं ते एवढंच. जुलैतला रविवार, अकरा वाजून काही मिनिटं. तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका गावात, कपाशीच्या रानाला लागून, ख्रिस्ती मंडळीचं, वर पत्रे टाकलेलं मंदिर. आत चाळीसेक माणसं. वाक्य संपलं आणि पुढच्या सतरंजीवरून काकासाहेब उठले. दाराशी त्यांचा धाकटा भाऊ आदिनाथ बसला होता. विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं तुटलं त्याला तीन वर्षं झाली होती. प्रभुभोजनाची, म्हणजे सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षरस घ्यायची, वेळ आली की आदिनाथ चपला घालून बाहेर पडायचा, भावानं तोंड लावलेल्या पेल्याला तोंड लावायला नको म्हणून. त्या दिवशी काकासाहेब दाराबाहेर गेले, वाकले आणि त्याच्या चपला हातात घेऊन आत आले.

मोठ्या भावानं धाकट्याच्या चपला उचलल्या! बायांना हुंदके आवरेनात. ढोलकी सुरू झाली. दुपारी दोघं खरोखर एका ताटात जेवले. वाढणाऱ्या दुर्गाबाईनं दोघांच्या मधोमध मिरचीचा ठेचा ठेवला आणि म्हणाली, "आता भांडायचं तं ह्याच्यावरून भांडा."

वाक्य बेबीनंदाचं नव्हतं. म्हणजे नसायला पाहिजे होतं.

मंदिराच्या डाव्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे: 'देवाने दिलेली कृपादाने, मंडळीच्या उभारणीसाठी.' खाली नावं. काकासाहेबांपुढे व्यवस्था. आदिनाथपुढे गायन, जे तीन वर्षं नुसतं भिंतीवरच होतं. दुर्गाबाईपुढे सेवा, म्हणजे मागची चूल. तिचा नवरा रामकिसन गवंडी, ज्यानं ती भिंत बांधली, त्याच्यापुढे अन्य भाषा. आणि अंगणवाडीत मदतनीस असलेल्या बेबीनंदापुढे, अर्थ सांगणे.

रामकिसन प्रार्थनेत भरून आला की कोणी न शिकलेल्या भाषेत बोलायचा. डोळे मिटलेले, उजव्या हाताची थाप मांडीवर, विटेवर थापी वाजवावी तशी. पण नियम असा, की अर्थ सांगणारं कोणी नसेल तर अशा माणसानं मंडळीत गप्प बसावं. चौदा वर्षांमागे तो पहिल्यांदा बोलला तेव्हा अर्थ सांगायला कोणीच उठेना. एवढा मोठा गडी, चेहरा पार उतरला. बेबीनंदाच्या छातीत काहीतरी गरम झालं आणि ती उभी राहिली. तोंडातून काय निघालं ते तिला घरी जाईपर्यंत आठवलं नाही. तेव्हापासून ती उभी राहत आली. अर्थ कधी यायचा, कधी आणावा लागायचा.

आणखी एक रीत होती. रामकिसनचं बोलणं झालं की पाळक त्याच्या डोक्यावरून पांढरी शाल टाकायचे. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. "देवाजवळून आलेला माणूस हाय. उतरू द्या त्याला," पाळक म्हणायचे. वीस मिनिटांनी, कधी तासाभरानं, तो आपला आपण शाल बाजूला करायचा आणि पाणी मागायचा.

त्या रविवारी भावांच्या गळाभेटीत सगळे रामकिसनला विसरले. तीन वाजता दुर्गाबाई त्याचं ताट घेऊन भिंतीपाशी गेली. शाल ओली होती. तिनं ती उचलली.

डॉक्टरला सांगितलं नाही ते

जालन्याच्या दवाखान्यात पोचायला साडेपाच वाजले. डॉक्टर तरुण होता, दोन रात्री झोपला नसावा असा.

"शेवटचं ठीक कधी होते हे?"

"अकराला," दुर्गाबाई म्हणाली. "बिलकुल चांगले होते. बोलून राह्यले होते. आत्मा आल्ता."

डॉक्टरचं पेन थांबलं. "कोण आलं होतं?"

"प्रार्थना करत होते, साहेब," पाळक मधे पडले.

"आणि अकरा ते तीन? चार तास कोणी बघितलंच नाही?"

"शाल होती ना अंगावर," दुर्गाबाई म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

डॉक्टर सावकाश म्हणाला, की झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता सुरू कधी झालं हेच कळत नाही. "बोलत होते तेव्हा तोंड वाकडं झालं होतं का? हात लोंबत होता? अगदी समोर कोण होतं?"

समोर कोण असायचं हे सगळ्यांना ठाऊक. सगळ्यांनी बेबीनंदाकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बराबर होते."

पाळकानं सांगितलं ते

पाळकाचं नाव भुजंग. गावातले लोक चेष्टा करायचे, की बायबलातल्या बागेतल्या सापालाच ह्यांनी पाळक करून ठेवलं. तो स्वतः सगळ्यांच्या आधी हसायचा. माणूस वाईट नव्हता. अंगात ताप असला तरी मोटारसायकल काढून कोणाच्याही घरी प्रार्थनेला जायचा.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी तो अंगणवाडीच्या दारात उभा होता. बेबीनंदा खिचडीचं पातेलं घासत होती.

"दोन भाऊ असेच राह्यले तं मंडळी फुटंल, बेबीताई. आदिनाथ तं आष्टीच्या मंडळीत जायचं म्हणून राह्यला. त्याच्या मागं दहा घरं जातील." थोडं थांबून, "मला का कोण जाणे, असं वाटून राह्यलं की ह्या रविवारी प्रभू त्यांच्याबद्दल बोलंल."

बाकी काही बोलला नाही. सांग असं म्हणाला नाही. मोटारसायकल वळवून निघून गेला. पातेलं घासून होईपर्यंत बेबीनंदाच्या मनात वाक्य तयार होतं.

आता नोव्हेंबर. पुढच्या रविवारी पिकाचा सण. भुजंग पुन्हा त्याच दारात.

"रामकिसनदादाला आणू आपण मंदिरात. चाकाच्या खुर्चीवर. आष्टीहून दोन जीपा येऊन राह्यल्या. लोक म्हणतेत, पहिलं महिन्यातून एकदा बोलायचे, आता चोवीस तास त्याच भाषेत बोलतेत. देवानं मातीची भाषाच काढून घेतली त्यांची."

"डॉक्टरनं लकवा सांगितला, पाळकसाहेब."

"डॉक्टरचं डॉक्टरनं सांगितलं. तू तुझं सांग. चार महिने झाले, मंडळीत अर्थ न्हाई सांगितला कोणी."

ती भांडं घासत राहिली.

भुजंगचा आवाज खाली आला. "त्या एका वाक्यानं मंडळी वाचली, बेबीताई. आदिनाथ परत गाऊन राह्यला. त्याला धक्का लागंल असं काही करू नको. दुसरं मी काही विचारत न्हाई तुला."

म्हणजे त्यालाही संशय होता. विचारायचं नव्हतं, एवढंच.

स्वतःला सांगितलं ते

पहिला महिना: मला दिसलंच नाही. मंदिरात उजेड कमी असतो.

दुसरा महिना: दिसलं, पण मला वाटलं, आज आत्मा जोरात आहे. वाकडं तोंड असंही होत असेल. मी काय डॉक्टर आहे?

तिसरा महिना: दिसलं. कळलंसुद्धा. पण एक वाक्य बोलून मग सांगणार होते. एका वाक्याला कितीसा वेळ लागतो?

चौथा महिना:

रामकिसनची उजवी थाप थांबली. हात मांडीवरून घसरून सतरंजीवर पडला आणि तो त्यानं उचलला नाही. ओठाचा कोपरा ओघळला, लाळ आली. आवाज त्याच्या त्या भाषेचा नव्हता. चौदा वर्षं जी चाल ऐकली तिची एक मात्रा त्यात नव्हती. हे सगळं एक वेळ चुकीचं वाटू शकलं असतं. पण त्याचे डोळे उघडे होते. त्या भाषेत बोलताना रामकिसननं कधी डोळे उघडले नव्हते. ते डोळे तिच्याकडे लागले होते. डाव्या हातानं त्यानं तिचा पदर धरला आणि दोनदा खाली ओढला, पडणारा माणूस ओढतो तसा.

आणि मागे सगळी मंडळी वाट बघत होती. दाराशी आदिनाथ चपलांकडे सरकत होता.

ती म्हणाली, "प्रभू म्हणतो."

रामकिसनला सांगायची गरज नव्हती

अंगणवाडी सुटली की ती रोज त्यांच्या घरी जायची. दुर्गाबाईला वाटायचं, केवढी माया. "सख्खी बहीण असती तं आली नसती रोज," ती शेजारणीला सांगायची. बेबीनंदा त्याला भात भरवायची, पाय चेपायची, कुशीवर वळवायची. आणि कोणाच्या ध्यानात यायच्या आत त्याचं बोलणं तिला समजायला लागलं होतं. हा आवाज पाण्याचा. हा पंखा बंद करा. हा, दुर्गा कुठं गेली. ह्यात छातीत गरम व्हायचं काही नव्हतं. बघत बसलं की कळायचं.

पण ती आल्या आल्या तो पहिलं एकच करायचा. डाव्या हातानं पदर धरायचा आणि दोनदा खाली ओढायचा. डोळे तेच.

"तुलाच काय सांगायचंय त्याला एवढं?" दुर्गाबाई विचारायची. "माझा पदर न्हाई धरत कधी. सांग ना बेबे. देवाचं काही असंल तं मलाबी ऐकू दे."

"कळत न्हाई, वहिनी."

"तुला कळत न्हाई?" दुर्गाबाई हसायची. "भिंतीवरचं नाव पुसून टाक मंग."

सगळ्यांना

पिकाच्या सणाला वेदीपुढे कपाशीचं बोचकं होतं, मोसंबीची पाटी, दोन भोपळे, आणि पाय बांधलेली एक कोंबडी जी प्रार्थनेच्या मधेमधे बोलत होती. आष्टीच्या जीपा आल्या होत्या. बसायला जागा नव्हती. आदिनाथ खंजिरीवर, काकासाहेब त्याला खेटून. चाकाची खुर्ची दाराबाहेरच ठेवून रामकिसनला उचलून पुढे आणलं, सतरंजीवर बसवलं आणि भुजंगनं त्याच्या खांद्यांवर पांढरी शाल घातली.

शाल अंगाला लागली तसा रामकिसन बोलायला लागला. आवाज फाटका, लांबलेला. मंदिरात "हालेलूया" उसळलं. बेबीनंदा तिच्या नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. त्यानं पदर धरला. एकदा ओढला. दुसऱ्यांदा ओढला.

"प्रभू काय म्हणतो, बेबीताई?" भुजंगनं विचारलं.

भिंतीवर आपलं नाव तिला दिसत होतं, त्याच्याखाली कोंबडीची पिसं चिकटलेली.

"प्रभूचं मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "हे काय म्हणतेत ते सांगते. हे म्हणतेत, मला धर."

"आमेन," पुढची एक म्हातारी सवयीनं म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"जुलैतबी हेच म्हणून राह्यले होते. हात पडला होता. तोंड वाकडं झाल्तं. माझा पदर धरून, डोळे उघडे ठेवून म्हणत होते. मी पाह्यलं. मला कळलं. तरी मी दुसरं बोलले, आणि तुम्ही ह्यांच्यावर शाल टाकली. दवाखान्यात मी खोटं सांगितलं. एका ताटात जेवा, हे माझं होतं. गुरुवारपासून तयार होतं."

गुरुवार ऐकून भुजंगनं मान खाली घातली. कोंबडी बोलली.

काकासाहेब उठले. "म्हणजे देव बोललाच न्हाई?"

"मला म्हाईत न्हाई, काकासाहेब."

"मी ह्याच्या चपला उचलल्या," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. मग माणसांतून वाट काढत बाहेर गेले. आदिनाथनं खंजिरी खाली ठेवली आणि तोही उठला. भावाच्या मागे निघाला की घरी, हेही कळलं नाही. "गीत घेऊ या," भुजंग म्हणाला. कोणी घेतलं नाही.

मागच्या दारातून दुर्गाबाई आली. हाताला कोपरापर्यंत पीठ. तिनं बेबीनंदाकडे पाहिलंच नाही. नवऱ्याच्या खांद्यांवरची शाल काढली, नीट घडी घातली आणि भुजंगच्या हातात दिली. तो ती घेऊन तसाच उभा राहिला.

"पंधरा पावलांवर होते मी," ती म्हणाली. "भाकरी थापून राह्यले होते. एक हाक मारायची होती, बेबे. वाक्य बोलून झाल्यावर मारायची. पाणी पिऊन मारायची. चार तास होते तुला."

"वहिनी..."

"बोलू नको माझ्याशी."

रामकिसननं पुन्हा पदर ओढला. दोनदा. दुर्गाबाईनं ते पाहिलं. चार महिने रोज पाहिलं होतं तेच. तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला आणि तसाच राहिला.

"धर मंग," ती म्हणाली. "म्हणून राह्यले ना ते. मला न्यायचंय त्यांना घरी. उजवीकडून धर, तिकडं जीव न्हाई."

बेबीनंदानं उजव्या काखेत खांदा घातला, दुर्गाबाईनं डाव्या. एक, दोन, उचल. तो उठला आणि त्याचं सगळं वजन बेबीनंदाकडे कलंडलं. पदर त्यानं सोडला नव्हता. दार कितीतरी लांब दिसत होतं, आणि माणसं सतरंजीवरून पाय मागे घेत होती.