पाणी मागायला

सकाळी साडेसातला बटन दाबलं तेव्हा मोटर नुसतीच गुरगुरली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला नाही. कांताबाईनं बटन बंद केलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि स्टार्टरच्या डब्यातून जळकट वास सुटला.

त्या दिवशी घरात चार जीव होते आणि त्यातले तीन अंथरुणाला होते. मोनाली, तिची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. सिझर होऊन बारा दिवस झाले होते. मोनालीची बारा दिवसांची पोर. आणि नवरा मारोती. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. दोन महिने जड उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावून सांगितलेलं. मे महिना. गावातल्या नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं, आणि ते कालच येऊन गेलं होतं.

कांताबाईनं आर्णीला मोटरवाल्या गोविंदाला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. तो दुपारी एका माणसाला घेऊन आला, विहिरीतून मोटर वर ओढली, हुंगली आणि म्हणाला, "वाइंडिंग जळली काकू. दुकानात सतरा मोटरी पडल्या हायेत. परवा संध्याकाळी देतो."

"परवा? घरात बाळंतीण हाये बाबू."

"सगळ्यायच्याच घरी काही ना काही हाये," असं म्हणून त्यानं मोटर गाडीवर बांधली.

विहीर अंगणातच होती, पाणीही होतं, पण दोर सोडायची सोय उरली नव्हती. सहा वर्षांपूर्वी मोटर बसवली तेव्हा मारोतीनं विहिरीवरचं चाक काढून टाकलं आणि तोंडावर लोखंडी जाळी ठोकून घेतली. मोटर निघेल एवढंच झाकण ठेवलं. त्यातून बादली जात नव्हती. गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा वरून कापून तेवढा जात होता. कांताबाईनं कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्याला बांधली. डबा वर येईपर्यंत जाळीला धडकत यायचा, अर्धं पाणी परत विहिरीत. दहा डब्यांत हाताला फोड आले. वीस डब्यांनंतर फोड फुटले. मग ती शाळेमागच्या हातपंपावर गेली. तिथं रांग होती. रांगेत उभं राहवेना. पोर रडत असेल, मारोती काय करत असेल, असं मनात येत राही. नंबर सोडून ती अर्ध्या रस्त्यातून घरी आली, आणि सगळं ठीक दिसलं तेव्हा पुन्हा पंपाकडे निघाली.

दुसऱ्या खेपेला आली तर मारोती जाळीवर वाकून दोरी ओढत होता. एक हात पोटावर.

"अवो! काय करून राह्यले तुमी?"

"एकच डबा, कांता. लेकराचे कपडे पडले हायेत."

"टाके तुटले म्हणजे? दोघायचं करून राह्यलो तं तिघायचं करू का मी?" तिनं दोरी हिसकावली. मारोती खाटेवर जाऊन बसला. थोड्या वेळानं उठला, दारापर्यंत गेला, परत आला. त्यालाही बसवत नव्हतं. आवाज चढवल्याचं कांताबाईला वाईट वाटलं, पण सांगायला वेळ नव्हता.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर थांबेचना. छातीशी लावली की ओढायची, सोडायची आणि किंचाळायची. कांताबाई आत गेली. सकाळी आठला मोनालीच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या तसाच काठोकाठ होता.

"पाणी काहून पेली नाई तू?"

"पेली की."

"मोनाली."

मोनालीनं मान भिंतीकडे वळवली. "पेली की जा लागते आई. एका टायमाले बादलीभर पाणी लागते संडासात. तुह्या हाताकडे पाह्य एकडाव."

"कवापासून नाई पेली?"

"काल दुपारपासून घोट घोटच."

कांताबाईनं तांब्या उचलून तिच्या तोंडाला लावला, सगळा संपेपर्यंत धरून ठेवला. मग रिकामी बादली घेऊन ती बाहेर पडली. या वेळी पंपाकडे नाही. ती रस्त्यापलीकडे गेली.

बौद्धपुऱ्यातलं शेवटचं घर तिचं, आणि रस्त्याच्या त्या बाजूनं बंजाऱ्यांचा तांडा सुरू व्हायचा. तांड्यातलं पहिलं घर भुरीबाईचं. मधे वीस पावलं. दोन वर्षं कांताबाईनं ती वीस पावलं टाकली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, असाच मे होता. तांड्याचा हातपंप कोरडा पडला होता. भुरीबाई पाणी भरायचे दोन गुंड घेऊन कांताबाईच्या दारात आली होती, मागे सून संगीता, सात महिन्यांची पोटुशी. तेव्हा कांताबाई म्हणाली होती, "विहीरच आटली, भुरीबाई. आमालेच पुरत नाई." आणि ती हे बोलत असतानाच वर टाकी भरली आणि पाणी पत्र्यावरून धो धो खाली आलं. मोटर बंद करायची राहिली होती. भुरीबाईनं वर पाहिलं, कांताबाईकडे पाहिलं आणि गुंड उचलून निघून गेली. पुढच्या वर्षी तिच्या मुलानं, शामनं, अंगणात बोअर मारली.

भुरीबाई दारात सुपात तूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"भुरीबाई, पाणी पायजे होतं."

"विहीर आटली का?"

"नाई. मोटर जळाली."

सुपातले खडे एकेक बाजूला पडत राहिले. "माही संगीता सात महिन्याची होती."

"हो."

"नाल्यातल्या झिऱ्यावर जाये. दिवसातून चार खेपा. वाटी वाटीनं गुंड भरे."

"हो."

"तुह्यी टाकी सांडून राह्यली होती."

"हो," कांताबाई म्हणाली. पुढे काही सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. आज दिलं असतं तर उद्या अख्खा तांडा आला असता, ही भीती होती तिला त्या वेळी. पण मोठ्यानं बोलायला गेली तर ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

भुरीबाई उठून आत गेली. कांताबाईला थांबावं की जावं कळेना. ती एकदा वळली, पुन्हा फिरली. आतून गोर बोलीत काहीतरी बोलणं झालं. मग बटनाचा खटका वाजला आणि अंगणातला काळा पाइप फुरफुरला. संगीता पाइपचं तोंड धरून बाहेर आली. पावणेदोन वर्षांचं पोर कमरेवर.

"आणा काकू बादली. आणि दोन गुंड मी घेऊन येतो. तुमच्यानं होत नाई ते, हात पाह्यले मी."

भुरीबाई परत बाहेर आली नाही.

संगीतानं तीन खेपा केल्या. शेवटच्या खेपेला ती मोनालीच्या खोलीत डोकावली, पोरीला पाहिलं आणि म्हणाली, "पाणी पे बाई भरपूर. लागलं तं अजून आणतो. त्या टायमाले मी तुह्या आईले लय शिव्या देल्या, नाल्यावर जाता जाता." ती हसली आणि गेली.

"कोणत्या टायमाले?" मोनालीनं विचारलं.

त्या वर्षी मोनाली नागपूरला नोकरीवर होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. कांताबाईला सांगावं लागलं. टाकी सांडल्याचंही सांगितलं. मोनाली ऐकत राहिली. "आई?" एवढंच म्हणाली. पुढचं न बोललेलं कांताबाईला संध्याकाळभर ऐकू येत राहिलं. तिनं भांडी पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता गोविंदा मोटर घेऊन आला. तासाभरात टाकीत पाणी पडू लागलं. कांताबाईनं घरातलं प्रत्येक भांडं भरलं, मोनालीला कढत पाण्यानं आंघोळ घातली, दोन दिवसांचे कपडे धुतले, अंगण शिंपलं. मग रिकाम्या हातानं ती घरातून अंगणात आणि अंगणातून घरात फिरू लागली.

"बस नं आता," मारोती म्हणाला. "झालं नं सारं."

"आलोच," म्हणून ती रस्ता ओलांडून गेली.

भुरीबाई चुलीसाठी काड्या मोडत होती.

"आता कायले आली? मोटर तं सुरू झाली. आवाज आला मले."

"चुकलं माह्यं त्या वर्षी. पाणी असून नाई म्हटलं."

भुरीबाईनं हातातली काडी मोडली. "हे काल काहून नाई सांगतलं?"

"काल पाणी पायजे होतं. काल सांगतलं असतं तं पाण्यासाठी सांगून राह्यली, असं वाटलं असतं तुले. मलेही."

भुरीबाईनं आणखी एक काडी मोडली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याची धूळ दोघींच्या मधे उतरली.

"मी इसरत नसतो, कांताबाई."

"नको इसरू."

"पोरीले दूध पुरते का आता?"

"आज दुपारी पोट भरून झोपली."

"जवस भाजून दे तिले, गूळ घालून. आहे का घरी जवस?"

"नाई."

"थांब मंग," भुरीबाई म्हणाली आणि डबा शोधायला आत गेली. कांताबाई उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली. आतून एकामागून एक डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज येत होता.